नागपूरच्या वर्धा रोडची प्लॉट-फेरी: खापरीच्या पुढे कानावर विसंबू नका

'मार्केट आता मॅच्युअर झालं, भाव चढतच जाणार.' साइट व्हिजिटच्या गाडीत बसल्याबसल्या हे ऐकायला मिळतं. जोडीला जेएलएल या मालमत्ता सल्लागार कंपनीचा 2024 चा पारदर्शकता निर्देशांक, ज्यात भारत 'पारदर्शक' गटात गेला. तो दर्जा मोठ्या महानगरांचा आहे. खापरीपुढच्या जामठ्याच्या ले-आउटशी त्याचा काडीचा संबंध नाही.

सीताबर्डी ते खापरी मेट्रो झकास. पुढे स्वतःची दुचाकी ठेवा, कारण फुकटची गाडी दाखवेल तेवढंच दिसतं. 'मिहानपासून दहा मिनिटं' हे मिहानच्या (विमानतळालगतचा पसरलेला औद्योगिक प्रकल्प) कुठल्या टोकापासून, ते विचारा. मे महिन्यात अकराच्या आत आटपा. खरं तर जुलैतच जावं: काळ्या मातीवर पसरलेला मुरूम पावसात टिकतो की बसतो, ते तेव्हाच कळतं.

जीव काढणारा टप्पा म्हणजे दर तपासणं. ब्रोकरचा आकडा ही नुसती मागितलेली किंमत. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, तालुका, मौजा (गाव) टाका. खसरा (जमिनीचा सर्व्हे नंबर) आणि प्लॉट नंबर वेगवेगळे टाकून बघा. पहिला कॅप्चा भरला की बहुतेकदा नवाच येतो, पुन्हा भरा. इंडेक्स-2, म्हणजे दस्ताचा सारांश, उघडला की मोबदला आणि बाजारभाव (रेडीरेकनरचा सरकारी भाव) हे दोन आकडे शेजारी ठेवा. दस्तामागून दस्त दोन्ही सारखेच निघाले, तर हाती फक्त रेडीरेकनर लागला. खरा व्यवहार कितीला झाला ते गुलदस्त्यातच. रेकनर चौरस मीटरचा, ब्रोकर बोलतो फुटात, तेव्हा फुटाच्या दराला 10.764 ने गुणून मगच तुलना करा.

आता इंडेक्स-2 वरचा 'लिहून देणार', म्हणजे विकणारा, बघा. पाच-पाच वर्षं तोच डेव्हलपर विकत असेल, तर तिथे पुनर्विक्री होतच नाही. घेता येईल, विकायला गिऱ्हाईक मिळणार नाही. असा बाजार कच्चाच, गेटवर कितीही कारंजी असोत.

'आरएल येऊन राहिलं' याला शून्य किंमत. आरएल म्हणजे रिलीज लेटर, प्लॉट नियमित झाल्याचं प्राधिकरणाचं पत्र; ते हातात घ्या, त्यावर आपलाच खसरा आणि प्लॉट नंबर आहे ना ते वाचा. डेव्हलपमेंट चार्जेस शेवटी चिकटवतात; दर ठरतानाच सगळं धरून लिहून घ्या. राष्ट्रीयीकृत बँक त्या ले-आउटवर कर्ज देते का, हे शाखेत जाऊन विचारा, ब्रोकरला नको. आणि महारेरात नोंदलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा होण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम कायद्याने घेता येत नाही. 'आज बयाणा द्या, उद्या रेट वाढतो' म्हणणाऱ्याला हे तोंडावर सांगा.