मामांच्या प्लेटलेट्स आणि घराण्याचा दोष

सोलापुरात पावसाळा सरत आला की घराघरांत 'पांढऱ्या पेशी किती?' हा प्रश्न ऐकू येतो. विचारणाऱ्याला अभिप्रेत असतात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, पण आमच्याकडे हा गोंधळ कायमचाच. मागच्या सप्टेंबरात मामांचा आकडा ७८ हजार आला, तेव्हा डेंग्यूच असणार हे अशोक चौकातल्या घरात परस्पर ठरले आणि मामींनी त्याच संध्याकाळी पपईच्या पानांचा रस काढला. मामांना ताप नव्हता, याकडे कोणी लक्ष दिले नाही. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, पंधरा दिवसांनीही आकडा हलला नाही, आणि मग आईने कपाटातून स्वतःचा जुना रिपोर्ट काढला. त्यात ९२ हजार होते. भावाचे कमी, बहिणीचेही कमी, तेव्हा हा घराण्याचाच दोष, असे सर्वांनी मान्य केले.

ही समजूत अगदीच वेडगळ नव्हती. प्लेटलेट्स जन्मतःच कमी आणि आकाराने मोठ्या असण्याचे आनुवंशिक प्रकार आहेत, आणि यंत्र पेशी आकारावरून मोजत असल्यामुळे त्या मोठ्या प्लेटलेट्स त्याच्या मोजणीतून निसटतात. म्हणूनच डॉक्टरांनी दोघांच्याही रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लावली. आईच्या काचेवर प्लेटलेट्स भरपूर होत्या, मात्र गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी चिकटलेल्या. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असते आणि काही जणांच्या रक्तातील प्रतिपिंडे (प्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रथिने) त्याच्या सान्निध्यात प्लेटलेट्स एकमेकींना चिकटवतात. निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतले आणि आकडा दोन लाखांच्या वर गेला. आई इतकी वर्षे उगाचच जपून वागत होती.

मामांच्या काचेवर मात्र प्लेटलेट्स खरोखरच विरळ होत्या. सोनोग्राफीत यकृत खडबडीत आणि प्लीहा, जिला जुनी माणसे पाणथरी म्हणतात, वाढलेली दिसली. पुढे हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तावाटे पसरणाऱ्या विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार, निघाला. १९८४ साली अपघातानंतर मामांना रक्त चढवले होते आणि हा विषाणू ओळखला गेला १९८९ साली, त्यामुळे त्या रक्ताची तशी तपासणी होणे शक्यच नव्हते.

यकृताच्या आजारात प्लेटलेट्स का घटतात, हे मला तेव्हा प्रथमच नीट उमगले. अस्थिमज्जेला प्लेटलेट्स तयार करायला लावणारे थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः यकृतातच बनते, त्यामुळे यकृत थकले की मागणीच कमी पोहोचते. शिवाय निरोगी माणसाच्याही प्लीहेत सुमारे एक तृतीयांश प्लेटलेट्स मुक्कामाला असतात. यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढून प्लीहा फुगली की शरीरातल्या बहुसंख्य प्लेटलेट्स तिथेच अडकू शकतात. तिसरे कारण प्रतिकारशक्तीचे: हिपॅटायटिस सीच्या अनेक रुग्णांत प्लेटलेट्सना चिकटणारी प्रतिपिंडे आढळतात. अशी प्रतिपिंडे काय करू शकतात याचा पुरावा अमेरिकी डॉक्टर विल्यम हॅरिंग्टन यांनी स्वतःच्याच अंगावर घेतला होता. प्लेटलेट्स कमी असलेल्या रुग्णाचे सुमारे अर्धा लिटर रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतले, काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट्स कोसळल्या, आणि १९५१ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज प्रौढ माणसात असा प्रतिकारजन्य विकार दिसला की हिपॅटायटिस सीची तपासणी करून घेतात, ती याच नात्यामुळे.

घराण्याचा मुद्दा मात्र वेगळ्याच दाराने परत आला. लागण झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोक सहा महिन्यांत हा विषाणू आपणहून हटवतात. उरलेल्यांत तो ठाण मांडतो. हा फरक अंशतः जनुकीय असतो. १९व्या गुणसूत्रावर, एका प्रकारच्या इंटरफेरॉनच्या (विषाणूंशी लढणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाजवळ, असलेला डीएनएच्या एका अक्षराचा बदल त्यात मोठी भूमिका बजावतो, हे २००९ साली पुढे आले. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनचे जुने उपचार लागू पडतील का, याचा अंदाजही त्यावरून बांधत. आणि ते इंजेक्शन प्लेटलेट्स आणखी कमी करत असे. मामांच्या जनुकात काय आहे हे कोणी तपासले नाही, कारण विषाणूवर थेट मारा करणाऱ्या नव्या गोळ्यांसमोर त्या प्रश्नाला फारसे महत्त्व उरलेले नाही.

केंद्र सरकारच्या २०१८च्या हिपॅटायटिस कार्यक्रमातून गोळ्या मोफत मिळाल्या. बारा आठवड्यांचा कोर्स झाला, त्यानंतर आणखी बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. प्लेटलेट्स आता १ लाख ४ हजार आहेत. प्लीहा पूर्ववत झालेली नाही, आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका विषाणू गेल्यानंतरही काही प्रमाणात राहत असल्यामुळे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आहे. पुढची तारीख मामींनी कालनिर्णयावर खूण करून ठेवली आहे. पपईचे झाड परसात तसेच आहे.