विहिरीतली वीस सेकंदांची लाट सापडली (लेव्हल लॉगर, भाग ७)

सापडली! तीन आठवडे झोप उडवणारी लाट परवा रात्री सापडली, आणि ती पाण्यात नव्हतीच.

विहिरीतल्या पाण्याची पातळी सतत नोंदवणारं यंत्र, म्हणजे लेव्हल लॉगर, मी बनवतोय; मागच्या भागातला त्याचा ग्राफ आठवत असेल. औशाजवळच्या आमच्या विहिरीत तळाशी १० मीटर रेंजचा ४-२० मिलिअँपचा प्रेशर सेन्सर, वर त्याच्या करंटचं व्होल्टेज करणारा १५० ओहमचा रेझिस्टर, ते व्होल्टेज आकड्यात बदलणारी एडीएस१११५ चिप आणि ते आकडे वाचणारा छोटा कंट्रोलर ईएसपी३२. मोटर चालू झाली की पातळी २ सेंटीमीटर वर, २ सेंटीमीटर खाली, अशी संथ डोलायची. कधी २० सेकंदांची लाट, कधी ३०, कधी १२.

पहिला संशय चिपवर गेला, कारण त्या बाबतीत एकदा हात पोळलेत. पहिलं मॉड्यूल १६ बिटांचं म्हणून घेतलं होतं, आणि पातळी ८-८ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी चढायची. कच्चा आकडा बायनरीत छापला तर शेवटचे चार बिट कायम शून्य! आत १२ बिटांचं एडीएस१०१५ होतं. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. नवीन मॉड्यूल आलं की सोल्डरिंगच्या आधी ते चार बिट बघाच. आताच्या चिपचे चारही बिट हलतात, ±४.०९६ व्होल्टला एक पायरी ०.१२५ मिलिव्होल्टची, म्हणजे आमच्या विहिरीत साधारण अर्धा मिलिमीटर.

मग मूव्हिंग अ‍ॅव्हरेज (शेवटच्या काही रीडिंगची सरकती सरासरी) लावून पाहिलं, ५० रीडिंगचं. लाटेला ढिम्म फरक नाही. ५ सेकंदांची सरासरी २० सेकंदांच्या लाटेला काय करणार? शेवटी मीच मान्य केलं होतं की मोटरच्या उपशाने पाणी खरंच हेलकावतंय.

ते आण्णांनी मोडून काढलं. लॅपटॉप बघून म्हणाले, "बाळा, मोटर बंद केली की रेघ त्याच क्षणी सरळ होते. पाणी असं एका झटक्यात गप बसतंय व्हय?"

तिथेच खटका पडला. हरभऱ्याला पाणी चालू होतं, थ्री फेज रात्रीची. साडेनऊला विहिरीवर बसून फक्त एक आकडा बदलला: सेकंदाला १० रीडिंगऐवजी ११. संथ लाट गायब, तिच्या जागी दाट थरथर. पुन्हा १० केलं, लाट हजर. पाण्याला माझा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला किती रीडिंग) कसा कळणार?

हे एलिअसिंग होतं, म्हणजे वेगवान लाटेचे नमुने विरळ घेतले की तीच खोटी संथ लाट बनून दिसते. सेन्सरची वायर मी मोटरच्या केबललाच बांधून खाली सोडलीय, तिथून ५० हर्ट्झचा हम (विजेच्या पुरवठ्याची सेकंदाला ५० वेळा होणारी थरथर) शिरतो. चिप सेकंदाला ८६० रीडिंगच्या रेटवर आहे, त्यामुळे एक रीडिंग जेमतेम सव्वा मिलिसेकंदात उरकतं आणि हमचा त्या क्षणाचा चढ-उतार जसाच्या तसा पकडला जातो. सेकंदाला १० रीडिंग घेतली की बरोबर दर पाचव्या सायकलला नमुना पडतो. ग्रिडची (वीजपुरवठ्याची) फ्रिक्वेन्सी नेमकी ५० ला असती तर लाट दिसलीच नसती. पण ती ४९.९५ ला असली की ०.०५ हर्ट्झचा फरक उरतो, आणि तीच २० सेकंदांची लाट. ग्रिड थोडी सरकली की लाटेची लांबी बदलते. ११ रीडिंगला तोच हम ५ हर्ट्झ बनून दिसतो.

भाग ५ मध्ये कोडमधला डिले (दोन रीडिंगमध्ये ठरावीक वेळ थांबणं) काढून टायमर लावला आणि 'वेळ आता पक्की झाली' असं मी आनंदाने लिहिलं होतं. डिले होता तेव्हा रीडिंग १०२-१०३ मिलिसेकंदांनी पडायची, म्हणून हम बारीक थरथरीसारखा दिसायचा आणि मी तो नॉइज म्हणून सोडून द्यायचो. टायमरने वेळ नेमकी १०० वर आणली आणि लाट उघडी पडली. टायमर राहणारच.

उपाय म्हणून आधी आरसी फिल्टर (वेगवान थरथर दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावायचं ठरवलं: १० किलोओहम, १० मायक्रोफॅरड, कटऑफ १.६ हर्ट्झ, ५० हर्ट्झ तिसाव्या हिश्श्यावर. हे लिहिता लिहिताच सुचलं की चिप ८६० ला चालतेच आहे, तर २०० मिलिसेकंद सलग रीडिंग घेऊन त्यांची सरासरी काढू. त्यात मेन्सच्या (विजेच्या) पूर्ण १० सायकली बसतात, म्हणून हमचे चढ-उतार एकमेकांना खोडतात. चिपचं आतलं घड्याळ १० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतं, म्हणून रीडिंग मोजायची नाहीत, वेळ ईएसपी३२ च्या घड्याळावर धरायची. लिखाण थांबवून कोड टाकला. मोटर चालू, रेघ २ मिलिमीटरच्या आत! दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

तरी आरसी लावणार आहे, कारण ८६० च्या रेटलाही ४३० हर्ट्झच्या वरचं काही आलं तर ते असंच खोट्या संथ लाटेत दुमडतंच, आणि एकदा दुमडलेलं नंतर कोडने वेगळं करता येत नाही. सेन्सरची वायरही वेगळ्या पाइपातून नेणार, शील्डवाली, लातूरहून मीटरवर मिळते.

अचूकतेचं विचाराल तर सेन्सर ०.५ टक्क्यांचा, म्हणजे ५ सेंटीमीटर. रिझोल्यूशन अर्ध्या मिलिमीटरचं असलं तरी 'पाणी ६ मीटर ४१.३ सेंटीमीटरवर आहे' असं मी छातीठोक सांगणार नाही. पण काल आणि आज यांतला फरक सांगू शकतो, आणि मला तोच हवाय. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आमच्याकडे विहिरीला किती पाणी 'येतं' हाच प्रश्न असतो.

म्हणून बोअरवर दुसरा लॉगर बसवायचं पुढे ढकललं. काल पहाटे मोटर बंद झाल्यावर पाणी कसं भरतं त्याची रेघ पहिल्यांदा स्वच्छ आली. ती एका ठिकाणी वाकते, तिथून चढ एकदम मंदावतो. टेप सोडून मोजलं, तर उत्तरेच्या बाजूचा झरा साधारण तिथेच आहे. आता रोज मोटर बंद झाल्यावर चार तास हेच नोंदवणार. फाइल पुढच्या भागात टाकतो.