पहिली गाडी, शेवटची गाडी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यात, वेस्टपोर्ट ते ॲकिल अशी 42 किलोमीटरची सायकलवाट आहे, ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे. ॲकिलहून सुरुवात करा, म्हणजे अटलांटिकचा वारा पाठीवर राहतो, असं सगळे सांगतात. मी मुद्दाम उलटी गेले. ज्या दोन आगगाड्यांपायी मला ही वाट बघायची होती, त्या दोन्ही वेस्टपोर्टकडून ॲकिललाच गेल्या होत्या.

सप्टेंबरातली सकाळ. डब्लिनहून सायकलसकट रेल्वेने वेस्टपोर्टला उतरले. हँडलला तंबू, सीटमागे स्लीपिंग बॅग, फ्रेमच्या त्रिकोणात पंप आणि पंक्चरचं सामान. एकटीने जायचं तर याहून जास्त घेऊ नये, चढावर प्रत्येक किलो जाणवतो. या वाटेवर मात्र चढ जवळजवळ नाहीतच. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून रूळ घालणाऱ्यांनी टेकड्या कापल्या, खोलगट भागात भराव घातले आणि वाट जमेल तितकी सपाट ठेवली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मेहनतीवर आज माझे गुडघे खूश होते.

न्यूपोर्टला लाल दगडाचा सात कमानींचा पूल लागतो. एके काळी त्यावरून इंजिन धडधडत जायचं, आता बाबागाड्या जातात. ॲकिलपर्यंतची रेल्वे 1895 मध्ये रीतसर सुरू झाली आणि 1937 मध्ये बंद झाली. पुढे शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून जायची परवानगी दिली, म्हणून 2011 मध्ये ही वाट पूर्ण झाली. त्यामुळे मध्येमध्ये फाटकं येतात. उतरायचं, फाटक उघडायचं, पाठीवर निळ्या रंगाचे पट्टे मारलेल्या मेंढ्या बाहेर पडणार नाहीत असं बघत पुन्हा लावायचं. मला याचा कंटाळा आला नाही. कुणाच्या तरी शेतातून आपण चाललोय, हे फाटक विसरू देत नाही.

न्यूपोर्टच्या पुढे मागचं चाक बसलं. टायरमधून बोटाच्या पेराएवढा काळा काटा निघाला, कुंपणाच्या झुडपाचा. ट्यूब काढली, गालाजवळ धरून हवा कुठून येतेय ते शोधलं, घासून पॅच लावला. शेजारी कुंपणावर ब्लॅकबेरी पिकून लटकली होती. पॅच धरेपर्यंत खाल्ली. बोटं जांभळी आणि काळी, दोन्ही. डावीकडे खाडीत क्ल्यू बेची गवताळ बेटं आणि त्यापलीकडे क्रोक पॅट्रिकचा सुळका. जुलैच्या शेवटच्या रविवारी भाविक तो चढतात, काही अनवाणी.

मलरॅनीला पोचेपर्यंत पाऊस आडवा मारू लागला. तंबूचा विचार सोडून एका घरात खोली घेतली. घरमालकीण बाईंनी माझे बूट चुलीपाशी उभे केले, चहा दिला आणि ॲकिलला का चाललीस म्हणून विचारलं. मी कारण सांगितल्यावर त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी ब्रायन रुआची भविष्यवाणी सांगितली. सतराव्या शतकातला हा माणूस म्हणाला होता म्हणे, की लोखंडी चाकांच्या, धूर ओकणाऱ्या गाड्या ॲकिलला येतील, आणि पहिली आणि शेवटची गाडी मढी घेऊन येईल.

14 जून 1894. ॲकिलची मुलंमुली स्कॉटलंडला बटाटे काढायला निघाली होती. शिडाची होडी वेस्टपोर्टच्या धक्क्याजवळ आली, ग्लासगोची आगबोट बघायला सगळे एका बाजूला धावले आणि होडी कलंडली. 32 जण गेले. रेल्वे अजून रीतसर सुरूही झाली नव्हती. पहिल्या गाडीने ही प्रेतं नेली. सप्टेंबर 1937 मध्ये स्कॉटलंडच्या किर्किंटिलॉकमध्ये, बटाट्याच्याच कामावर गेलेले दहा मुलगे झोपले होते त्या खोपटात जळून मेले. त्यांनाही गाडीने आणलं. त्यानंतर दोनेक आठवड्यांत रेल्वे बंद झाली.

मला आजी आठवली. तिचं माहेर रेवसजवळचं. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आजी कुठल्याही बोटीचं नाव ऐकलं की आधी 'पावसात नाही ना?' विचारायची. पोटासाठी गाव सोडणाऱ्यांचं आणि पाण्याचं हे नातं मला आयर्लंडमध्ये येऊन शिकावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पूर्ण तोंडावर. तेरा किलोमीटरला जवळजवळ दीड तास लागला. ॲकिल साउंडला, म्हणजे किनारा आणि ॲकिल बेट यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यापाशी, जुन्या रेल्वेची वाट संपते. रूळ बेटावर गेलेच नाहीत, स्टेशन अलीकडच्या काठालाच होतं. मी पूल ओलांडून दक्षिणेला आणखी सहा-सात किलोमीटर गेले, दोन्ही बाजूंना लाल फुलांनी लगडलेली फ्युशियाची कुंपणं.

किल्डॅव्हनेटचं कब्रस्तान पाण्याला लागून आहे. 1894 चे आणि 1937 चे लोक इथेच आहेत. 1937 च्या दहांमध्ये एकाच घरातले तीन भाऊ, वयं 17, 15 आणि 13. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, अजून स्वतःच्या बुटांची नाडी नीट बांधत नाही. मी हेल्मेट काढून बराच वेळ तिथे उभी राहिले. ओहोटी होती, शेवाळाचा वास येत होता.

साउंडकडे परत वळले तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा वारा पाठीवर आला. पुलापर्यंत पेडल फारसं मारावंच लागलं नाही.