वॉश गोठला ती सकाळ

कागदावर पहिला वॉश, म्हणजे पाण्यात कालवलेल्या जलरंगाचा पातळ थर, टाकून ब्रश धुवायला गेले, तर डब्यातल्या पाण्यावर पातळ काच धरलेली. चार हजार मीटरच्या वरचं तळं, सूर्य अजून कड्यामागे, आणि मी हातमोज्यांची बोटं कापून बसलेली. कागदाकडे पाहिलं. आकाशासाठी लावलेल्या अल्ट्रामरीन निळ्यामध्ये नेच्याच्या पानांसारखी नक्षी उगवत होती. उगवत होती म्हणजे खरोखर डोळ्यांदेखत. कोपऱ्यातून एक टोकदार पातं निघायचं, मग त्याला फांद्या फुटायच्या.

वीस वर्षं मी बाहेर बसूनच निसर्गचित्रं करते आहे. पाऊस झाला, वारा झाला, ओल्या वॉशवर चिकटलेली चिलटंही झाली. अशा थंडीत काही चित्रकार पाण्यात थोडी व्होडका घालतात, मद्यार्कामुळे पाणी लवकर गोठत नाही. मी ती बाटली वजन नको म्हणून खालच्या मुक्कामावर ठेवून आले होते. तैलरंगवाल्यांचं बरं असतं. फ्रेंच चित्रकार मोने १८९५च्या हिवाळ्यात नॉर्वेत जाऊन बर्फात चित्रं रंगवत होता, पण त्याच्या रंगात तेल होतं. तेल थंडीत घट्ट होतं, पाण्यासारखा दगा देत नाही.

सोबतची मैत्रीण खांद्यावरून डोकावली. "अगं, हे तू केलंस?"

"मी कुठलं! थंडीने."

घाईघाईने दुसऱ्या कागदावर तसाच वॉश टाकला. तोही गोठला. आता पहिला लवकर वाळवावा म्हणून मी शहाणपणा केला आणि तो तंबूत स्टोव्हजवळ नेला. दोन मिनिटांत नेचे वितळले. उरलं निळं डबकं आणि त्याच्या कडेला वेडेवाकडे डाग. त्या वैतागात दुसऱ्या कागदाची आठवणही राहिली नाही. तो बाहेर सावलीत, चार दगडांखाली तसाच पडून होता.

रंगकाम बंदच झालं, मग पेन्सिल काढली. कडा कुठे तुटतो, सावली कुठे पडते, आणि प्रत्येक जागी रंगाचं नाव. ही युक्ती माझी नव्हे. ब्रिटिश ध्रुवसंशोधक स्कॉटबरोबर अंटार्क्टिकावर गेलेला डॉक्टर-चित्रकार एडवर्ड विल्सन असंच करायचा. उघड्यावर पेन्सिलीने रेखाटन, शेजारी रंगांच्या नोंदी, आणि रंगवणं नंतर झोपडीत बसून. नोंदी करायला लागल्यावरच मला नीट दिसलं की बर्फावरची सावली करडी नसून निळी आहे. तिथे ऊन पोचत नाही, पोचतो तो फक्त आकाशाचा उजेड. एरवी हे मी 'माहीत आहे' म्हणून न बघताच रंगवून टाकलं असतं.

दुपारी दगड उचलले तर कागद कोरडा आणि नक्षी जशीच्या तशी! कोरड्या वाऱ्यात बर्फ पाणी न होताच उडून गेलं होतं. पाणी गोठताना स्फटिक रंगाचे कण बाजूला ढकलतात, ते कण फटींमध्ये साचतात. बर्फ गेलं, तरी त्यांच्या रेषा जागेवर राहिल्या. मी त्या आकाशाला हात लावला नाही. खाली फक्त कड्याची एक गडद पट्टी ओढली, तीही परत आल्यावर.

प्रदर्शनात सगळ्यात आधी तेच चित्र गेलं. गॅलरीवाल्यांनी विचारलं, "अशी आणखी पाच मिळतील?" मीठ टाकून बघितलं, पण मिठाने चांदण्यांसारखे ठिपके पडतात, पानं नाहीत. शेवटी घरच्या फ्रीजरमध्ये कागद ठेवला. नक्षी आली, अगदी छान आली. पण तिच्याखाली कुठला डोंगर काढायचा ते मला सुचेना, म्हणून पाच चित्रांना नाही म्हटलं.

पेन्सिलीचं ते पान मात्र माझ्या टेबलासमोर टाचलेलं आहे. 'पलीकडचा कडा: जांभळा वाटतो, नाही, राखाडी. सावली: कोबाल्ट, कडेला गरम.' पुढची ओळ मलाच वाचता येत नाही, तोवर बोटं बधिर झाली होती.