काकींच्या वहीची डावी बाजू

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं परत जमावीत म्हणून सराव करून घेणारी, सातारा भागात पेशंटच्या घरी जाऊन काम करते. स्ट्रोकनंतर हाताची ताकद, चालणं याकडे घरच्यांचं सगळं लक्ष असतं आणि लिहिण्याचा विषय निघतच नाही, त्यातून लिहिणारा हात शाबूत असेल तर संपलंच. माझ्या एका पेशंट काकींचं तसंच झालेलं. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक, डावा हात कमजोर, काठी घेऊन घरात छान फिरायच्या, उजवा हात एकदम ठणठणीत. बरीच वर्षं त्या बचत गटाची वही लिहायच्या, तर घरी आल्यावर पहिली मागणी काय, माझी वही आणा.

त्या दिवशी गेले तर काकी रडत होत्या. आदल्या दिवशी गटाची मीटिंग झालेली, एका बाईने कर्जाचा हप्ता १२५० भरलेला आणि वहीत २५०, ती म्हणाली माझे हजार गेले कुठं, आणि मग सगळ्याच कुजबुजायला लागल्या. सून म्हणाली, "मॅडम, चष्म्याचा नंबर वाढला असंल म्हणून नवीन करून आणला, डोळ्याचे डॉक्टर म्हणले डोळे चांगलेत, मग असं का हुतंय?"

मी वही मागून घेतली. नावं पानाच्या मध्यापासून सुरू, अनुक्रमांकाचा रकाना कोरा, उजवीकडे मात्र अक्षरांची दाटी, ओळी तिरक्या वर चढलेल्या, 'म'ला एक रेघ जास्तीची. आणि चुकलेला प्रत्येक आकडा डावीकडूनच तुटलेला, १२५० चे २५०, १४०० चे ४००. पैशाची पेटी उघडून मोजायला लावली तर वहीपेक्षा रोकड जास्त निघाली, म्हणजे पैसे जागेवर होते, फक्त हजाराचा एक लिहायचा राहिलेला. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर एक ते बारा सगळे आकडे उजव्या अर्ध्यात.

मग मी तेच पान उलटं फिरवून पुढ्यात ठेवलं. कोरी बाजू आता त्यांच्या उजव्या हाताला आली. काकी बघतच राहिल्या, म्हणाल्या, "अगं, हे एवढं कोरं कुणी ठेवलं?"

याला लेफ्ट निग्लेक्ट म्हणतात. डोळा बघतो पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही, आणि आपलं काही सुटतंय हे त्या माणसाला कळतही नाही, म्हणून "नीट बघून लिही की" असं ओरडून काही उपयोग नसतो, उलट माणूस खचतो. मला याचा फार त्रास होतो, की आयुष्यभर चोख हिशोब ठेवलेल्या बाईवर असा संशय यावा. त्याच दुपारी गटाच्या अध्यक्ष बाईंना बोलावून घेतलं आणि वही आणि पेटी समोर ठेवून सगळं समजावलं.

व्यायाम मग त्या वहीवरच बसवले, कारण सुलेखनाची पुस्तकं गिरवण्यात काकींना काडीचा रस नव्हता. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला जाड लाल स्केचपेनची रेघ, डावा हात उचलून त्या रेघेजवळ पानावर ठेवायचा, आणि ओळ सुरू करण्याआधी रेघेला बोट लावायचंच. डाव्या कडेला ठळक खूण करून नजर तिकडे न्यायची ही पद्धत नवीन नाही, न्यूयॉर्कला मानसशास्त्रज्ञ डिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रोकच्या पेशंटवर ती वापरून बघितली, १९७७ साली त्याचा पेपर आला. खालच्या ओळी पुठ्ठ्याच्या पट्टीने झाकायच्या. आकड्यांना चौकटीची वही, एका चौकटीत एकच अंक, आणि लिहून झालं की एकक, दशक, शतक, हजार म्हणत उजवीकडून डावीकडे बोट सरकवत न्यायचं, लाल रेघ लागेपर्यंत थांबायचं नाही. हे काकींना लगेच जमलं, शाळेतलंच होतं ना.

सकाळी पेपरच्या हेडलाइनमधल्या प्रत्येक 'स'ला गोल. दुपारी ठिपक्यांची रांगोळी, पण खाली बसून नाही, टेबलावर परातीत तांदळाचं पीठ पसरून, पाच बाय पाच ठिपके, मी काढलेलं बघून तसंच काढायचं. सुरुवातीला डावीकडची पाकळी कायम गायब. एका वेळी दहा-पंधरा मिनिटंच, टीव्ही बंद, पाय जमिनीला टेकलेले, आणि दमल्यावर अजिबात नाही कारण थकवा आला की डावी बाजू पहिली जाते. सुनेला एवढंच सांगितलं की चूक दाखवू नको, "आत्या, लाल रेघ कुठाय?" एवढंच विचार.

आता अनुक्रमांकाचा रकाना भरलेला असतो. लाल रेघ आम्ही हळूहळू बारीक करत आणलीय, पण पूर्ण काढलेली नाही, मध्ये एकदा काढून बघितली तर दोन पानांतच नावं परत आत सरकली. संध्याकाळी लिहिलेल्या ओळी अजून चढतात. मीटिंगला वही काकीच लिहितात, शेजारी अध्यक्ष बाई बसून प्रत्येक रक्कम मोठ्याने वाचून घेतात आणि मगच पुढच्या बाईचं नाव पुकारतात.