लहान तोंडी मोठा घास

मिशिगनमध्ये, सेंट क्लेअर सरोवरावर माझ्या गळाला पहिल्यांदा बास हा गोड्या पाण्यातला मासा लागला, तेव्हा मी शेजारच्या आजोबांना दिमाखात विचारलं, "लार्जमाउथ ना?" जबडा असा वासलेला, की आत अख्खं लिंबू मावलं असतं. आजोबा म्हणाले, "आधी त्याचं तोंड मीट."

फसगत होते ती इथेच. बास उचलतात खालच्या ओठात अंगठा घालून. मग तोंड आ वासलेलंच राहतं आणि कुठलाही बास मोठ्या तोंडाचा, म्हणजे लार्जमाउथ जातीचा वाटतो. तोंड मिटलं, की वरचा जबडा कुठवर जातो ते पाहायचं. डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे गेला तर लार्जमाउथ, डोळ्याखालीच थांबला तर स्मॉलमाउथ. माझा थांबला. नाव 'स्मॉल' असलं तरी हे तोंड काही नाजूक नव्हे. दगडांच्या फटीतला क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला छोट्या शेवंडासारखा जीव, ते नांग्यांसकट गिळतं.

पाठीवरच्या पराचीही खूण आहे. लार्जमाउथच्या परात मधोमध इतकी खोल खाच, की दोन पर वाटावेत. स्मॉलमाउथची खाच उथळ. पॅरिसचे निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांच्यासमोर आलेल्या स्मॉलमाउथचा मात्र परच मोडका होता. शेवटचा तुकडा त्यांना वेगळा, छोटासा पर वाटला आणि १८०२ साली त्यांनी नाव ठेवलं मायक्रोप्टेरस, म्हणजे छोट्या पराचा. एका जायबंदी माशावरून अख्ख्या प्रजातीचं (जीनसचं) बारसं! लार्जमाउथही आज तेच नाव मिरवतो.

गेल्या जूनमध्ये बाबा देवगडहून आले. लहानपणापासून गरवणारा माणूस. माझं जबड्याचं व्याख्यान त्यांनी अर्ध्यावरच तोडलं. "तोंड कशाला बघतोस? हा पितळी, अंगावर उभे पट्टे, डोळा लाल. कालचा हिरवा होता, कुशीवर आडवा काळा पट्टा. तो गवतात लागला, हा दगडात."

गढूळ पाण्यात रंग नि पट्टे फिके पडतात, जबडा बदलत नाही, हे मी सांगणार होतो. पण बाबांच्या डोळ्यांपुढे तोवर तिरफळ घातलेलं कालवण आलं होतं.

मी पट्टी लावली. १२ इंच. इथे १४ इंचांखालचा बास घरी नेता येत नाही. मी तो पाण्यात सोडला, तसे बाबा माझ्याकडे बघतच राहिले.

"धरायचा, तोंड न्याहाळायचं, उंची मोजायची नि परत पाठवायचा? अरे, हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला!"