पुणे-आंबोली-वेंगुर्ला: पुढच्या सीटवरची भट्टी

मे महिन्यात घरगुती कॅम्पर घेऊन वेंगुर्ल्याला जाऊन आलो. सेकंडहँड 13 सीटर व्हॅन, मागच्या सीट काढून बेड, ओटा, पाण्याची टाकी बसवलीये, इंजिन मात्र ड्रायव्हर आणि बाजूच्या सीटच्या मधे कव्हरखाली. अशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

खंबाटकी चढेपर्यंतच आईने चपला काढून सीटवर मांडी घातली, म्हणाली चुलीपुढे बसल्यासारखं वाटतंय. एसी फुल, मागे पोरं पांघरूण मागतायत आणि इकडे माझी डावी पोटरी भाजतेय! निघायच्या आधी कव्हरला आतून फॉइलवालं फोम लावून घेतलं होतं, बऱ्यापैकी पैसे गेले त्यात. कराडला ढाब्यावर कव्हर उचललं तर गम पातळ होऊन अर्धी शीट खाली लोंबत होती, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनचा धूर बाहेर नेणारा, तापून लाल होणारा भाग) चार बोटांवर. तिथेच ओढून काढली.

आंबोलीत मुक्काम. इंजिन थंड झाल्यावर मोबाईलचा टॉर्च लावून कव्हरखाली ठेवला, कव्हर बंद, आतले लाइट बंद. कव्हरच्या कडेने उजेडाची लख्ख रेघ, गिअरच्या दांड्याभोवतीच्या फाटक्या रबरी बुटातून उजेड, आणि क्लचच्या मागे वायरी जातात तिथे तर अंगठा जाईल एवढं भोक. म्हणजे कव्हर तापतंय हे खरं, पण पायावर येत होती ती इंजिनची गरम हवाच. आणि जिथून हवा येते तिथून एक्झॉस्ट लीक झाला तर गॅसही येणार, कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो, त्यामुळे गाडीत झोपणाऱ्यांनी त्याचा अलार्म लावाच.

सावंतवाडीत कव्हरच्या कडेला लावायला डी आकाराची रबर बीडिंग (पट्टी), गिअरचा नवीन बूट आणि वायरींच्या भोकात बसणारे ग्रोमेट (रबरी कडी) घेऊन बसवले, दुपार गेली. परत येताना दाणोलीपासून आंबोलीचा घाट चढून बघितलं. पायाशी घरचं भिंतीवरचं थर्मामीटर लटकवलेलं, जाताना खंबाटकीत 46 दाखवत होतं ते आता 38. कव्हरला हात लावला तर अजून चटका बसतोच.

म्हणून आधी भोकं बुजवा, इन्सुलेशन नंतर. मॅनिफोल्डच्या बाजूला फोम नकोच, फॉइलमधलं सिरॅमिक ब्लँकेट घ्या आणि नुसत्या गमवर विसंबू नका, स्क्रू आणि मोठे वॉशर मारा. टेम्परेचर गनने चकचकीत फॉइल मोजलं तर आकडा खोटाच कमी येतो, मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. घाट चढून लगेच गाडी बंद केली की फॅन थांबतो आणि कव्हर उलट जास्त तापतं, तेव्हा जेवायला थांबलात तर पुढच्या काचा थोड्या खाली ठेवा.

बीडिंग मीटरवर मिळते. कव्हरचा घेर सुतळीने मोजून न्या, मी अंदाजाने घेतली आणि वीतभर कमी पडली, परत दुकानात जावं लागलं.